बघे, खड्डे आणि मशीन

प्रिय वैशाली,

अखेर मशीन, म्हणजे मेटल डिटेक्टर, घेतलंस तर! खाली धातू असला की ते वाजतं, ते सिग्नल ओळखायला हळूहळू येईलच. पण तू विचारलंस ते वेगळंच, की लोक येऊन बाजूला उभे राहतात, त्यांचं काय करायचं? मशीनबरोबर येणाऱ्या पुस्तिकेत हे कुठेच नसतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

बघ्यांचा सगळ्यात खवचट प्रश्न असतो, "परवानगी आहे का?" त्याचं उत्तर खरं असलं पाहिजे, आणि तुझ्या भागात ते जरा गुंतागुंतीचं आहे. क्राऊन इस्टेटच्या, म्हणजे ब्रिटनच्या राजगादीच्या मालमत्ता सांभाळणाऱ्या संस्थेच्या, किनाऱ्यावर मशीन फिरवायला वेगळा परवाना लागत नाही, हे तुला चार जण सांगतील. ते खरं आहे, पण तो किनारा त्यांचा असेल तर. मर्सी नदीच्या मध्यापासून वर बॅरो-इन-फर्नेसपर्यंत भरती-ओहोटीच्या मधला पट्टा बहुतांशी डची ऑफ लँकेस्टरकडे, म्हणजे राजाच्या वेगळ्या खासगी जहागिरीकडे, आहे, म्हणजे तुझं ब्लॅकपूल त्यातच आलं. त्यातले काही तुकडे कौन्सिलांना भाड्याने दिलेले आहेत. त्यामुळे कौन्सिल आणि डची दोघांना ईमेल कर, तुला हवी ती जागा नकाशावर दाखव आणि आलेलं उत्तर छापून पिशवीत ठेव. भरतीच्या रेषेच्या वरची कोरडी वाळू कुणाची हेही त्याच पत्रात विचार. लिदम सेंट अ‍ॅन्सकडच्या वाळूच्या टेकड्या निसर्गसंवर्धनासाठी संरक्षित आहेत, तिकडे मशीन नेऊच नकोस.

आता प्रत्यक्ष किनाऱ्यावर. दोन्ही कानांवर हेडफोन घट्ट बसवून मान खाली घालून चालायची सवय लावून घेऊ नकोस. एक कप कानामागे सरकव. कुणी मागून येतंय हे ऐकू आलं पाहिजे. एकट्या बाईसाठी तर ही सुरक्षेची गोष्ट आहे, पण सायकली, घोडे आणि सुटे कुत्रे सगळ्यांसाठीच असतात. स्पीकरवर मात्र चालवू नकोस. सकाळी शांत बसायला आलेल्या माणसाला तासभर टींटीं ऐकायची इच्छा नसते, आणि आवाज गेला तिथवरचे बघे चालत येतात. ओल्या खारट वाळूत एकाच फ्रिक्वेन्सीचं मशीन उगाचच बडबडतं. सेन्सिटिव्हिटी दोन-तीन घरं खाली आणली की निम्मी बडबड थांबते.

वेळ सकाळची किंवा संध्याकाळची निवड, ओहोटी लागल्यानंतर दोनेक तासांनी. भरतीची वेळ घरून निघण्याआधी बघून ठेव. लँकेशायरच्या सपाट किनाऱ्यावर पाणी समोरून येताना दिसतं, पण त्याआधी ते मागच्या घळींत शिरलेलं असतं. लोक टॉवेल टाकून पडले असतील तर त्यांच्यापासून निदान दहा पावलं लांब राहा, आणि कॉइलचा (मशीनच्या खालच्या टोकाच्या तबकडीचा) झोका त्यांच्याकडे न जाता पाण्याच्या दिशेने जाईल अशा ओळी धर. एखाद्या कुटुंबाभोवती कॉइल फिरवत गोल घालणाऱ्या माणसाकडे ते कशा नजरेने बघतात ते एकदा लांबून बघ, मग सांगावं लागणार नाही. ते उठून गेल्यावर त्यांच्या जागेवर लगेच धाव घेऊ नकोस, सुटी नाणी तिथेच असली तरी.

माणूस जवळ येऊन थांबला की खालीच बघत राहू नकोस. कॉइल जमिनीवर टेकव, मान वर कर, तूच आधी "मॉर्निंग" म्हण. संशयी माणसाचा अर्धा संशय तिथेच उतरतो. मग ठरलेले प्रश्न येतात: काय शोधताय, काही सापडलं का, सोनं मिळतं का? तुझ्या कमरेच्या पिशवीला दोन कप्पे असतील. एक कचऱ्याचा, एक सापडलेल्या वस्तूंचा. बघ्यांसमोर फक्त कचऱ्याचा कप्पा उघडायचा. कॅनच्या कड्या, गंजके खिळे, मासेमारीचं शिसं, चॉकलेटचं चुरगळलेलं फॉइल, हे सगळं हातावर घेऊन दाखव आणि "मुख्य म्हणजे हेच" असं सांग. सोन्याची स्वप्नं बघणारा माणूस त्यानंतर फार वेळ थांबत नाही. शिवाय हा कचरा तू घरी नेणार आहेस, हेही त्याच्या लक्षात येतं. काढलेला कचरा पुन्हा वाळूत टाकायचा नाही. पुढच्या वेळी तोच सिग्नल पुन्हा वाजतो आणि दरम्यान त्यात एखाद्या पोराचा पायही कापतो.

लहान मुलं आली की आधी त्यांच्या आईबापांकडे बघ. त्यांनी मान डोलावली तरच पुढे. स्वतःचं नाणं चार बोटं खोल पुरून त्यांना शोधू दे. पण पेनी वापरू नकोस. १९९२ पासूनच्या १ आणि २ पेन्सच्या नाण्यांत आत पोलाद असतं, वर नुसता तांब्याचा मुलामा. लोखंड गाळायचं सेटिंग चालू असलं की त्यांचा आवाज बेभरवशाचा येतो आणि मूल हिरमुसतं. २० पेन्स पुर, स्वच्छ वाजतं. मात्र मुलांना खड्ड्यात हात घालू देऊ नकोस, गळ आणि काचा तिथेच असतात. स्कूप, म्हणजे वाळू उपसायचं फावडं, तुझ्याच हातात. आणि कितीही गोड दिसलं तरी मुलाचा फोटो काढायचा नाही.

खड्ड्यांबद्दल मात्र मला सविस्तर बोलायचंय, कारण लोकांना मशीन खटकत नाही, खड्डा खटकतो. कोरड्या वाळूतला उघडा खड्डा म्हणजे धावणाऱ्याचा घोटा किंवा घोड्याचा पाय. म्हणून एक खड्डा बुजवल्याशिवाय दुसरा सिग्नल नाही. शेतातल्या कुरणात काम जास्त नाजूक असतं. सिग्नलवरून एकदा आडवा आणि एकदा ९० अंशांत वळून उभा झोका घे. दोन्ही रेषा जिथे कापतात ती जागा. बोटाने खूण कर. आता घोड्याच्या नालेसारखी तीन बाजूंनी चीर घाल, चौथी बाजू तशीच ठेव. हिरवळीचं ते झाकण बिजागरीवर उघडल्यासारखं उलटं कर. रुंदी १५ सेंटिमीटर, खोली आठ-दहा सेंटिमीटर, म्हणजे मुळांसकट माती एकत्र राहते. यापेक्षा पातळ काढलंस तर ते झाकण वाळून पिवळं पडतं आणि आठवड्याने शेतकऱ्याला कुरणभर पिवळे ठिपके दिसतात. सुटी माती गवतावर टाकायची नाही, जुन्या टॉवेलवर किंवा प्लॅस्टिकच्या तुकड्यावर. मग पिनपॉइंटर, म्हणजे नेमकी जागा दाखवणारा हातातला छोटा डिटेक्टर. तो असला की खड्डा ताटलीएवढा होत नाही, वाटीएवढ्यात काम भागतं. बुजवताना आधी माती पूर्ण आत, मग झाकण, मग बुटाने चारी बाजूंनी दाब. उन्हाळ्यात जमीन तडकलेली असेल तर कुरणात खणूच नकोस. कितीही नीट बसवलंस तरी मुळं धरत नाहीत.

आणि हे सगळं चालू असताना कुणी येऊन बोलायला लागलं तर? "एक मिनिट" म्हणून आधी खड्डा बंद कर. बोलता बोलता उघडा ठेवलेला खड्डा हमखास विसरतो.

दुसरी गोष्ट, खरंच काहीतरी वर आलं तर. गोल, पातळ, करडं, कडेला वाकडंतिकडं असं नाणं मातीत दिसलं, हाताने ठोकलेलं जुनं चांदीचं वाटतंय, आणि बाजूला दोन माणसं उभी आहेत. चेहरा बदलू द्यायचा नाही. बोटाने चोळून बघायचंही नाही, चोळल्याने चांदीवर ओरखडे येतात. मातीसकट डबीत टाक, "धातूचा तुकडा दिसतोय, घरी धुऊन बघते" म्हण आणि दोन-चार झोके घेऊन पुढे सरक. ते गेल्यावर परत येऊन ग्रिड संदर्भ (नकाशावरची जागा सांगणारे आकडे) लिहून घे, निदान आठ आकडी. म्हणजे जागा १० मीटरच्या आत नोंदली जाते. ही लपवाछपवी कायद्यापासून नाही, रात्री येणाऱ्या चोरांपासून. एका फोटोमागचं झाड आणि चर्चचा मनोरा एवढ्यावरून शेत ओळखणारे लोक आहेत. नुकसान शेतकऱ्याचं होतं, आणि परवानगी तुझी जाते.

कायद्यापासून मात्र काहीच लपवायचं नाही. १९९६ च्या ट्रेझर अ‍ॅक्टप्रमाणे निदान ३०० वर्षं जुनी, निदान १० टक्के सोनं-चांदी असलेली वस्तू, किंवा एकाच ठिकाणची तशी दोन नाणी, १४ दिवसांत कॉरोनरला (अशा खजिन्याची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याला) कळवावी लागतात. व्यवहारात तू तुझ्या भागातल्या फाइंड्स लिएझन ऑफिसरला, म्हणजे सापडलेल्या वस्तूंची नोंद करणाऱ्या अधिकाऱ्याला, फोन करायचा, पुढचं ते बघतात. एकामागून एक नाणी यायला लागली तर तिथेच खणणं थांबव. १९९२ मध्ये सफोकमधल्या हॉक्सन गावात शेतकऱ्याचा हरवलेला हातोडा शोधताना रोमन खजिना लागला. शोधणाऱ्याने वेळीच हात थांबवून कळवलं, म्हणून सुमारे १५ हजार नाणी पुरातत्त्वज्ञांना त्यांच्या मूळ मांडणीत बघता आली. तो हातोडाही आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. याच्या उलट, २०१५ मध्ये हेरफर्डशरमध्ये दोघांनी सापडलेला खजिना न कळवता विकायला काढला. २०१९ मध्ये ते तुरुंगात गेले, आणि बहुतेक नाणी अजून मिळालेली नाहीत. तुझ्या प्रेस्टनजवळ तर रिबल नदीच्या काठी १८४० मध्ये मजुरांना कुअरडेलचा व्हायकिंग चांदीचा साठा लागला होता, जवळजवळ ४० किलोचा. त्या परिसरात "काय शोधताय" याला वेगळीच धार असते, हे लक्षात असू दे.

शेताच्या कडेने पायवाट जात असेल तर तिथून कुणीतरी ओरडणारच. पायवाटेवर चालायचा हक्क म्हणजे मशीन फिरवायचा हक्क नव्हे, हे त्यांना ठाऊक असतं. स्वतः चालत जा. मशीन बंद करून खाली ठेव, हेडफोन गळ्यात. "मालकाची लेखी परवानगी आहे" एवढं पुरे. कागद दाखवायचा तो पोलिसांना किंवा शेतावरच्या माणसाला. वाटसरूला मालकाचा फोन नंबर देत बसायचं कारण नाही. जमीन कुळाने कसायला घेतलेली असेल तर कुळाची आणि मालकाची, दोघांची सही हवी. मिळालेल्याची वाटणी कशी तेही त्याच कागदावर असू दे, नंतर तोंडी आठवणींचा उपयोग होत नाही. आणि स्पष्टच सांगते, आपल्यासारखा चेहरा आडगावच्या शेतात वाकलेला दिसला की खिडक्यांचे पडदे जरा जास्तच हलतात. यावर चिडण्यापेक्षा शेतकऱ्यालाच सांग, की शेजारच्या दोन घरांना कळवून ठेव. नॅशनल कौन्सिल फॉर मेटल डिटेक्टिंगचं सभासदत्व घे, त्यात दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा येतो आणि ते कार्ड बघितलं की पोलीसही निवांत होतात.

किनाऱ्यावर कुणी रडकुंडीला येऊन सांगेल, अंगठी हरवली. मदत कर, पण आधी विचार: नेमकी कुठे, किती वाजता, तेव्हा पाणी कुठवर होतं, धातू कोणता, फोटो आहे का? सोन्याची अंगठी आणि कॅनची कडी मशीनवर जवळजवळ सारख्याच आकड्याला वाजतात, त्यामुळे तिथला प्रत्येक सिग्नल खणावा लागेल हे त्यांना सांगून टाक. स्कूपने वाळूवर ओळी ओढ, प्रत्येक झोका आधीच्यावर अर्धा चढव, आणि घरच्या मंडळींना त्या चौकोनाबाहेर उभं कर. ते शोधायच्या घाईत अंगठी आणखी खोल तुडवतात. पैसे घेऊ नकोस. आणि अशीच एखादी अंगठी मालक समोर नसताना सापडली तर "सापडेल त्याची" असं इथे चालत नाही. मालकाचा शोध न घेता ठेवून घेतलीस तर ती कायद्याने चोरी ठरू शकते. पोलिसांना कळव.

दुसरा मशीनवाला दिसला तर त्याच्या ओळीत शिरू नकोस, २० मीटर सोड. शिष्टाचार तर आहेच, पण जवळ आलात की दोन्ही मशीनं एकमेकांवर किरकिरतात. तरीही किरकिर थांबली नाही तर मशीनमधलं नॉइज कॅन्सल (बाहेरची किरकिर टाळायचं सेटिंग) पुन्हा चालव. तोफगोळ्यासारखं, गंजलेलं, टोकदार नळकांडं दिसलं तर हात लावायचा नाही. आधी बघ्यांना लांब ने, मग ९९९ ला फोन करून कोस्टगार्ड माग.

आता तू शेवटी लिहिलेलं, दिवाळीला मशीन साताऱ्याला न्यावं का? नको. १८७८ चा इंडियन ट्रेझर ट्रोव्ह अ‍ॅक्ट अजून लागू आहे. जमिनीत पुरलेलं १० रुपयांवरचं काहीही सापडलं तर कलेक्टरला कळवायचं. संरक्षित गडावर खणणं हा वेगळा गुन्हा, आणि प्रतापगड तर २०२५ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. स्वतःच्या शेतात चालवलंस तरी पाच मिनिटांत अख्खी आळी जमेल, आणि संध्याकाळपर्यंत "गुप्तधन शोधायला लंडनहून बाई आल्यात" असं होईल. त्यानंतर रात्री तिथे कुदळी चालतील. २०२५ च्या मार्चमध्ये बुऱ्हाणपूरजवळ असिरगडाच्या पायथ्याला नुसत्या अफवेवर लोक टॉर्च घेऊन शेतं खणत होते. दादांना नंतर निस्तरत बसावं लागेल.

शेतकऱ्याला पाठवायचं पत्र लिहिलंस की आधी मला दाखव. आणि डचीचं उत्तर आलं की त्यातल्या अटी जशाच्या तशा कळव, मलाही बघायच्या आहेत.

तुझी,
मेधा