सोप्यातली कपबशी

स्टुटगार्ट,
रविवार दुपार

ती. आई-बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

एवढं वाचून बाबा खूश झाले असतील. पुढचं वाचून होतील की नाही, माहीत नाही. हे फोनवर बोलणं जमलं नसतं. बाबा दोन मिनिटांत "हं, आईला देतो" म्हणतात आणि आईला एकदा नात दिसली की मी पडद्यावर आहे हेही कळत नाही. म्हणून पत्र. आई, हे त्यांना चष्मा लावून स्वतः वाचू दे. तू वाचून दाखवायला लागलीस की नको ती वाक्यं गाळतेस.

मे महिन्यातल्या त्या आमरसाच्या जेवणाबद्दल लिहायचं आहे.

आत्याच्या सुनेच्या माहेरचे लोक पहिल्यांदाच घरी आले होते. अपशिंग्याहून मामा आला होता. गप्पा कुठून कुठे गेल्या आणि पाहुण्यांपैकी कुणीतरी म्हणालं, "आपल्या संस्कृतीत भेदभाव नव्हताच हो, हे सगळं इंग्रजांनी घुसडलं." बाकीच्यांनी माना डोलावल्या. मी हातातली वाटी खाली ठेवली आणि म्हणाले, "आमच्या जुन्या घराच्या सोप्यात वेगळी कपबशी होती. मी बघितली आहे." पुढे कुणी रस मागितला नाही. मामा तेवढा मान खाली घालून पुरी मोडत राहिला.

रात्री अंगणात बाबा म्हणाले, "घरातलं चव्हाट्यावर मांडायला विमानाचं तिकीट काढून आलीस? आगरकर पुण्यात राहून बोलले. स्टुटगार्टात बसून नाही बोलले."

बाबा, हे वाक्य घेऊन मी परत आले. सामानाचं वजन तेवीस किलोच भरलं, पण हे त्याच्या वर होतं.

आगरकर मला तुम्हीच दिलेत. दर १४ जुलैला तुम्ही सातवीच्या पोरांना घेऊन टेंभूला जायचात. आता टेंभू म्हटलं की लोकांना उपसा सिंचन योजनाच आठवते, पण आमच्यासाठी ते आगरकरांचं जन्मगाव होतं. तिथे तुम्ही त्यांनी आईला लिहिलेलं पत्र सांगायचात. मोठ्या परीक्षा दिल्या म्हणून मोठ्या पगाराची आशा धरू नकोस, पोटापुरतं मिळवून बाकीचा वेळ लोकांसाठी घालवणार आहे, असं सांगणारं. मग आवाज उतरवून सांगायचात की पुण्याच्या लोकांनी या माणसाची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. एकोणचाळिसाव्या वर्षाच्या आत गेला, दम्याने. पोरं गप्प व्हायची. मी त्या वर्गात नव्हते, कडेला बसून भडंग खात होते, तरी गप्प व्हायचे. तेव्हा तुमचं म्हणणं मान्य आहे. त्यांनी बोलण्याची किंमत जागेवर मोजली. मी मे महिन्यात बोलले आणि जूनमध्ये विमानात बसले.

पण खरी गोष्ट याहून वाईट आहे आणि ती तुम्हाला माहीत नाही.

फेब्रुवारीत ऑफिसच्या कँटीनमध्ये एका सहकाऱ्याने जातीबद्दल विचारलं. त्याने कुठल्याशा वर्तमानपत्रात भारतातल्या विहिरींवर काही वाचलं होतं. मी तयारच होते. राज्यघटनेचं सतरावं कलम सांगितलं, अस्पृश्यता १९५० पासून बंद. ती घटना ज्यांच्या हाताखाली घडली ते कोण, हे सांगितलं. १९९७ मध्ये दलित समाजातले नारायणन राष्ट्रपती झाले तेही सांगितलं. त्याचं सूप गार झालं. माझा चेहरा लाल झाला असावा. देशाची वकिली करताना मला नेहमी असं होतं, कान गरम होतात. सगळं ऐकून घेऊन त्याने अगदी साधेपणाने विचारलं, "तुमच्या घरी होतं का असं काही?"

मी म्हणाले, "नाही. आमच्याकडे कधीच नाही."

म्हणजे बघा. इथे खोटं बोलले, कारण इथे लाज मला वाटली असती. तिथे खरं बोलले, तेही पाहुण्यांसमोर, कारण तिथे ती तुम्हाला वाटणार होती. त्या रात्री तुम्ही मला देशद्रोही म्हणाला असतात तरी चाललं असतं, पण हे कळलं असतं तर काय म्हणाला असतात, या विचाराने मी महिनाभर फोनवर नुसतं हवापाणी बोलते आहे.

कपबशी मात्र मला स्वच्छ आठवते. सोप्यात शिरताना उजव्या हाताचा कोनाडा. पांढरा कप, निळी रेघ, कान तुटलेला. केरसुण्या आणि कासरे घेऊन ते आजोबा यायचे, पायरीखाली बसायचे. कप स्वतः काढायचे, रांजणाजवळ जायचे नाहीत, आजी तांब्याने वरून पाणी घालायची, मग वरूनच चहा. आजीचा हात इतका सरावलेला की थेंब सांडायचा नाही. पिऊन झालं की ते कप विसळायचे आणि पालथा घालून कोनाड्यात ठेवायचे. कप अगदी कडेला, बशी त्याच्या खाली. आजी वाईट नव्हती. त्यांच्या नातीच्या बारशाला तिने अंगडं-टोपडं दिलं होतं, मला आठवतं. चहाही घट्ट दुधाचाच असायचा. हेच तर मला तेव्हाही कळायचं नाही आणि आताही कळत नाही.

इथे आमच्या गल्लीत फरशीत पितळेचे छोटे चौकोन बसवले आहेत, तळहाताएवढे. तुम्ही आलात तेव्हा बाबा त्यांवर पाय पडू नये म्हणून उड्या मारत चालत होते. ज्या घरातून ज्यूंना नाझींनी नेलं त्या घरासमोर तो बसवायचा. 'इथे राहत होते', खाली नाव, जन्माचं साल, कधी नेलं, पुढे काय झालं. एका कलाकाराने नव्वदच्या दशकात हे सुरू केलं, २०२३ मध्ये युरोपभर मिळून एक लाख झाले. आमच्या दारासमोरच्या चौकोनावर एक बाई आहे, लाटव्हियातल्या रिगाला नेलेली. १ डिसेंबर १९४१ ला स्टुटगार्टहून रिगाला जी गाडी गेली, तीत हजारेक माणसं होती. त्या सगळ्यांना आधी किलेसबर्गच्या बागेतल्या हॉलमध्ये गोळा केलं होतं. आई, तू चिमूला घेऊन छोट्या आगगाडीत बसली होतीस, ती हीच बाग.

दर ९ नोव्हेंबरला खालच्या मजल्यावरच्या आजी गुडघ्याखाली उशी घेऊन तो चौकोन घासतात. पहिल्या वर्षी बघितलं तेव्हा मला आपली देवघरातली भांडी आठवली. पुढच्या वर्षी मी त्यांना पितांबरीची पुडी दिली. याने फार छान निघतं म्हणाल्या, आता दरवर्षी मागतात. त्यांचाच भाऊ मात्र जिन्यात भेटला की म्हणतो, किती वर्षं हेच उगाळत बसायचं, आम्ही काय केलं? तोही वाईट माणूस नाही. त्याला २००६ चा फुटबॉलचा वर्ल्डकप आठवतो, लोकांनी पहिल्यांदाच न लाजता गाडीवर झेंडे लावले होते म्हणे, सांगताना डोळ्यांत पाणी येतं त्याच्या.

आता बाबा म्हणतील, जर्मनांचं कौतुक पुरे. कौतुक नाही. यांनी नामिबियात १९०४ ते ०८ मध्ये हेरेरो आणि नामा लोकांची कत्तल केली आणि तिला वंशसंहार म्हणायला सरकारला २०२१ उजाडावं लागलं. इथल्याच संग्रहालयात नामांच्या वितबोई नावाच्या पुढाऱ्याचं बायबल आणि चाबूक शंभरावर वर्षं पडून होता, तो २०१९ मध्ये परत गेला. दारासमोरचं घासायला सोपं, समुद्रापलीकडचं अवघड. आणि ज्यांना घासायचं आहे त्यांना पण घरचेच बोल लावतात. एवढंच मला दिसलं.

आणखी एक. २०१७ मध्ये तुमचा गुडघा दाखवायला आपण पुण्यात होतो आणि सिनेमाला गेलो होतो, आठवतं? राष्ट्रगीत सुरू झालं. ते बावन्न सेकंदांचं, त्यातले वीस तुम्हाला खुर्चीचा हात धरून उठायलाच लागले. मागून एक पोरगं म्हणालं, "देशासाठी एवढं पण उभं राहता येत नाही का, काका?" मी वळले तर तुम्ही माझा दंड धरलात. बाहेर आल्यावर म्हणालात, "त्याचं बरोबर आहे. मी आधीच उठायला हवं होतं." मला सिनेमा काय होता आठवत नाही. थिएटरात राष्ट्रगीत लावायची सक्ती पुढे जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने काढली, पण तो दंडावरचा हात जात नाही.

त्या पोराला काय माहीत? चौतीस वर्षं १४ ऑगस्टला संध्याकाळी तुम्ही शाळेच्या झेंड्याच्या खांबाला स्वतः चुना लावायचात. घडीत झेंडूच्या पाकळ्या घालून गाठ एका झटक्यात सुटते का ते तीन-तीनदा ओढून बघायचात. पंधराला संध्याकाळी सूर्य मावळायच्या आत झेंडा उतरवायला परत चार किलोमीटर सायकल. २०२२ मध्ये घरोघरी तिरंगा लावायला सांगितलं, रात्रीही ठेवायला परवानगी आली, पॉलिस्टरचा चालेल असं तर आधीच ठरलं होतं, तेव्हा तुम्हीच कुरकुरलात. खादीचा नाही तो कसला झेंडा, आणि रात्री अंधारात कशाला ठेवायचा. आई म्हणाली, हळू बोला, शेजारी ऐकतील. तेरा ते पंधरा, तिन्ही दिवस तुम्ही तो संध्याकाळी उतरवून कपाटात ठेवलात आणि सकाळी परत लावलात. शेजाऱ्यांना वाटलं, मास्तर विसरले.

तेव्हा आपल्या घरात नावं ठेवणारी मी पहिली नाही.

मामाचं राहिलं. अपशिंग्याची माणसं देशावर फार बोलत नाहीत. पहिल्या महायुद्धात गेलेल्या सेहेचाळीस जणांचा दगड गावात उभा आहे, घरटी कुणीतरी फौजेत, त्यांना सांगायचं काय? निघताना त्याने मला बाजूला घेऊन एवढंच विचारलं, "कप कुठाय गं आता?" मला सांगता आलं नाही. म्हणून मागच्या आठवड्यात बाबा बँकेत गेलेले असताना मी आईला फोन करून विचारलं.

आई, तू जे सांगितलंस ते इथे लिहिते आहे, रागावू नकोस.

बाबा, तो कान तुटलेला कप दुसरा होता. पहिला तुम्ही फोडलात. डी.एड.ला असताना 'एक गाव एक पाणवठा'च्या सभेला जाऊन आलात आणि त्याच रात्री कोनाड्यातला कप अंगणात आपटलात. आजी काही बोलली नाही. तुकडे गोळा केले, आणि दुसऱ्या दिवशी कऱ्हाडच्या बाजारातून नवा आणून ठेवला. तुम्ही तो बघितलात. पुन्हा फोडला नाहीत. आई म्हणते, त्यानंतर आजी जाईपर्यंत तुम्ही सोप्यात कधी बसला नाहीत, मागच्या दारानेच यायचात. मी लहानपणापासून समजत होते की सायकल मागे लावायला बरी पडते म्हणून.

हे मला कधीच का सांगितलं नाहीत? जिंकला असतात तर सांगितलं असतंत, असं मला वाटतं. मी त्या दिवशी ताटावर बसून "मी बघितली आहे" म्हणाले, तेव्हा तुम्हाला ती कितवी कपबशी दिसली असेल?

पाहुण्यांसमोर बोलले त्याची माफी मागते. जे बोलले त्याची मागत नाही. आणि सोमवारी कँटीनमध्ये त्या सहकाऱ्याला खरं सांगणार आहे. त्याने आपल्या देशाबद्दल वाटेल ते मत करून घेतलं तर घेऊ दे, सूप पुन्हा गार होईल एवढंच.

एक काम आहे. त्या केरसुण्यावाल्या आजोबांचं नाव मला माहीत नाही. आजी त्यांना जातीवरून हाक मारायची, मीही तीच मारायचे, सहा-सात वर्षांची असताना, साठीच्या माणसाला. त्यांचा मुलगा तुमच्या वर्गात होता, म्हणजे हजेरीपटावर तुम्ही बापाचं नाव लिहिलं असणार. तुम्हाला पोरांची नावं सगळी पाठ असतात. मला ते नाव पूर्ण लिहून पाठवा, आडनावासकट. फोनवर सांगू नका, तुमच्या अक्षरात हवं आहे.

गुडघ्याचा पट्टा चिमूच्या बाबांच्या मित्राबरोबर पाठवला आहे, तो पंधरा तारखेला पुण्यात पोचेल. आई, भडंगाचा मसाला संपला.

तुमची,
ताई