घरबसल्या मत राहू द्या, आधी यादीत नाव सापडू द्या

नाशिक, जानेवारी २०२६

प्रति,
मा. मंत्रिमहोदय
(निवडणुकीचे कायदे ज्यांच्या टेबलावर येतात ते. लोकसभा-विधानसभेचा कायदा दिल्लीत होतो, महापालिकेचा मुंबईत. ज्यांना आधी वेळ मिळेल त्यांनी उघडावं.)

विषय : इंटरनेटवरून मतदान आणू नये, आणि त्याआधीची राहिलेली कामं करावीत.

महोदय,

सविनय नमस्कार. १५ जानेवारीला नाशिक महापालिकेचं मतदान झालं. एका घरातली चार नावं तीन केंद्रांवर. आई एका शाळेत, मुलगा पलीकडच्या प्रभागात, आणि विधानसभेला जिथे मत दिलं तिथल्या यादीत सुनेचं नावच नाही. अशी माणसं हातात चिठ्ठी धरून दुपारपर्यंत रिक्षानं फिरत होती. कोणतं केंद्र ते मुद्दामच लिहीत नाही, तिथल्या कर्मचाऱ्याच्या हातात काहीच नव्हतं. पण टेबलापलीकडून आलेलं उत्तर ऐकण्यासारखं होतं : “पुढच्या वेळी मोबाइलवरच येणार आहे सगळं. मग कुठे जायलाच नको.”

हे उत्तर त्या बिचाऱ्याच्या डोक्यातलं नव्हे, ते वरून झिरपत आलंय. म्हणून हे पत्र वर पाठवतोय. लिहिणाऱ्यांपैकी काही जण संगणक सुरक्षेचं काम करतात, काहींनी निवडणुकीची ड्यूटी केली आहे. इंटरनेटवरचं मतदान कसं चालतं ते आम्हाला माहीत आहे, आणि म्हणूनच नको म्हणतोय.

पहिला प्रश्न आपल्यालाही पडला असेल. भाजीवाला यूपीआयवर पैसे घेतो, मग मत का नाही? कारण पैशाच्या व्यवहारात देणाऱ्याचं नाव लिहिलेलं असतं, घेणाऱ्याचं असतं, रक्कम असते. मेसेज येतो, पासबुकात नोंद होते. दोनशेऐवजी दोन हजार गेले तर रात्री झोपायच्या आत कळतं आणि बँकेत भांडता येतं. मताचं नेमकं उलटं आहे. मत पेटीत पडलं की मतदाराचं नाव आणि मत यांच्यातला धागा तोडायचाच असतो, लोकप्रतिनिधित्व कायद्यात मतदानाच्या गुप्ततेसाठी वेगळं कलम आहे ते त्यासाठीच. धागा तोडला की स्टेटमेंट मिळत नाही. ‘मी अमुक निशाणीला दिलं होतं, तुमच्या हिशेबात तमुकला का?’ असं मग विचारणार कसं? आणि विचारता यावं म्हणून पावती दिली, तर आदल्या रात्री पाकीट देऊन गेलेला माणूस सकाळी तीच पावती मागायला येईल. सध्या पाकीट वाटणाऱ्याचा माल पोचला की नाही हे त्याला कळत नाही. लोक पाकीट घेतात आणि द्यायचं त्यालाच देतात. ही सोय काढून घेऊ नका.

आता प्रत्यक्ष काय होईल ते पायरीपायरीने बघू. ॲप उतरवा, ओळखपत्राचा क्रमांक घाला, ओटीपी घाला, चेहरा दाखवा, निशाणी निवडा, पाठवा. मत फोनमध्येच कुलूपबंद होऊन, म्हणजे सांकेतिक लिपीत, सर्व्हरवर जाणार. तिथे नाव वेगळं काढणार, मतं एकत्र मिसळणार, किल्ली लावून उघडणार, मोजणार. ऐकायला छान.

पण कुलूप लागतं ते निशाणी निवडून झाल्यावर, आणि निवड होते ती फोनच्या काचेवर. ‘लग्नाचं आमंत्रण’ किंवा ‘गाडीचं चलन’ म्हणून व्हॉट्सॲपवर येणाऱ्या एपीके फायली (म्हणजे फोनवर ॲप बसवणाऱ्या फायली) आपल्या सायबर पोलिसांना चांगल्या माहीत आहेत. अशी एक फाइल उघडून ॲक्सेसिबिलिटीची, म्हणजे दुसऱ्या ॲपचा पडदा वाचायची आणि चालवायची परवानगी दिली, की ती स्क्रीन वाचते, आलेला ओटीपी वाचते आणि बोट न लावता बटणंही दाबते. तुम्ही कपबशी दाबली, स्क्रीनवर कपबशी दिसली आणि आत रोडरोलर गेला, तर पुढचं कुलूप कितीही भक्कम असो, ते रोडरोलरलाच लागणार. बँकेत असं झालं तर पैसे गेल्याचं कळतं तरी. इथे ‘मतदान केल्याबद्दल धन्यवाद’ असा मेसेज येईल.

ओटीपीचं तर विचारूच नका. घरात मतं चार आणि फोन एक, तोही थोरल्याच्या खिशात. पेठ-सुरगाण्यातून द्राक्षाच्या कामाला निफाड-दिंडोरीकडे उतरणाऱ्या टोळ्यांचा मुकादम संध्याकाळी सगळ्यांचे फोन गोळा करून एकाच खाटेवर बसून मतं ‘टाकून’ देईल, आणि चेहरा दाखवायला एकेकाला समोर उभं करील. मतदान केंद्रातला तो पुठ्ठ्याचा तीन बाजूंचा आडोसा बघितलाय ना? दिसायला खोक्याचा तुकडा. पण त्याच्या आत नवरा, सासरा, मुकादम, भाऊ-दादा कुणीच येऊ शकत नाही. सुनेला तेवढी पंधरा सेकंद स्वतःची मिळतात. घरात तो आडोसा कुठून आणणार?

एस्टोनियाचं उदाहरण हमखास दिलं जातं, तर तेही नीट बघू. तिथे २००५ पासून इंटरनेटवरून मतदान आहे आणि २०२३ च्या संसदेच्या निवडणुकीत निम्म्याहून जास्त मतं तशी पडली. कौतुक आहेच. पण ते ओटीपीवर चालत नाहीत. प्रत्येकाकडे चिप असलेलं ओळखपत्र असतं आणि त्याला दोन पिन असतात : ओळख पटवायला चार अंकी, सही करायला पाच अंकी. मत दोन लिफाफ्यांत जातं, आतल्यात मत, बाहेरच्यावर सही. कुणी दमदाटी करून मत घेतलं तर नंतर पुन्हा देता येतं, शेवटचं धरतात, आणि केंद्रावर जाऊन कागदावर दिलं तर ऑनलाइनचं रद्द. एवढं सगळं करूनही २०१७ मध्ये त्या चिपमध्येच दोष निघाला आणि साडेसात लाखांच्या आसपास कार्डं धोक्यात आली. कार्डांची प्रमाणपत्रं थांबवून ती नव्यानं करून घ्यावी लागली. आणि हा देश केवढा? लोकसंख्या चौदा लाखांच्या आत. २०११ च्या जनगणनेत एकट्या नाशिक शहराची १४ लाख ८६ हजार होती. म्हणजे आपल्या पंचवटी-सातपूर-सिडको-नाशिकरोडएवढाही नसलेला देश दाखवून आपण नव्वद कोटींहून जास्त मतदारांचा बेत करतोय.

अमेरिकेच्या वॉशिंग्टन डीसीनं २०१० मध्ये शहाणपणा केला. खऱ्या निवडणुकीआधी लोकांना सांगितलं, आमची यंत्रणा फोडून दाखवा. मिशिगन विद्यापीठाच्या लोकांनी ४८ तासांत ताबा घेतला. भोक कुठे होतं? मतदारानं चढवलेल्या मतपत्रिकेच्या फाइलच्या नावात. त्या नावात आज्ञा लिहिली की सर्व्हर ती मुकाट पाळायचा, सगळा खेळ एका अवतरणचिन्हाच्या चुकीचा. त्यांनी सगळी मतं बदलली, आधी पडलेली आणि नंतर पडणारीही, आणि मत दिल्यावर विद्यापीठाचं गाणं वाजेल अशी सोय केली. तरी अधिकाऱ्यांना पत्ता लागायला कामाचे जवळपास दोन दिवस गेले. एका उपकरणाला तर कंपनीकडून आलेला चार अक्षरी पासवर्ड तसाच होता. गाणं वाजवणारा चोर किती वेळा मिळणार, महोदय?

ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्समध्ये चोर नव्हताच, नुसती गर्दी झाली. डिसेंबर २०२१ च्या स्थानिक निवडणुकीत यंत्रणा कोलमडली, लोकांना मतच देता आलं नाही, आणि पुढे न्यायालयानं तीन ठिकाणचे निकाल रद्द केले. नॉर्वेनं २०११ आणि २०१३ असं दोनदा करून बघितलं आणि सोडून दिलं. जर्मनीच्या घटना न्यायालयानं तर २००९ मध्ये साध्या मतदान यंत्रांवरच बोट ठेवलं : मतमोजणीचे मुख्य टप्पे तज्ज्ञ नसलेल्या नागरिकालाही पडताळता आले पाहिजेत. आमच्या मते सगळ्या वादातलं हे एकच वाक्य कायद्यात जायच्या लायकीचं आहे.

आणि एक गंमत सांगायची राहिली. गेली कित्येक वर्षं आम्हाला पाठ करायला लावलंय की ईव्हीएम सुरक्षित आहे, कारण तिला इंटरनेट नाही, वायफाय नाही, ब्लूटूथ नाही, ती कशालाच जोडलेली नाही. बरं, मानलं. सकाळी उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर अभिरूप, म्हणजे चाचणीचं मतदान होतं, मतं मोजून पुसली जातात, सील लागतं, संध्याकाळी १७-क अर्जावर एकूण मतांचा आकडा लिहून प्रतिनिधींना दिला जातो. गडबड करायची तर एकेका यंत्रापर्यंत पोचावं लागतं. मग त्याच तोंडानं आता ‘इंटरनेटवर मत’ कसं म्हणता? आधीचा युक्तिवाद खरा असेल तर हा खोटा, आणि हा खरा असेल तर आधी आमची माफी मागा.

गुजरातनं २०१० मध्ये महापालिकांसाठी हा प्रयोग केला होता. बिहारनं २८ जून २०२५ ला नगरपालिकांसाठी मोबाइल ॲप वापरलं. वयस्कर, अपंग, गरोदर आणि बाहेरगावी गेलेल्या मतदारांची अडचण खरी आहे, तिची चेष्टा आम्ही करणार नाही. पण ८५ वर्षांपुढच्यांना आणि ४० टक्के अपंगत्व असलेल्यांना लोकसभा-विधानसभेला १२-ड अर्ज भरून घरी कागदावर मत देता येतं. पथक येतं, आडोसा मांडतं, लिफाफा बंद होतो. ही सोय महापालिकेलाही द्या, ॲप लागत नाही.

बाहेरगावच्यांसाठीही रस्ता आहे, आणि तो आपल्या देवळाली कॅम्पातल्या जवानांना माहीत आहे. २०१६ पासून सैनिकांना कोरी मतपत्रिका इंटरनेटवरून पाठवली जाते. जवान ती पिन टाकून उघडतो, छापतो, पेनानं खूण करतो, आतल्या लिफाफ्यात घालतो. घोषणापत्रासह तो बाहेरच्या लिफाफ्यात जातो आणि टपालानं परत येतो. मोजताना क्यूआर कोड आधी तपासतात, मग लिफाफा फोडतात. इंटरनेटवरून गेली ती कोरी पत्रिका, भरलेलं मत कागदावरच राहिलं. शंका आली तर पुन्हा मोजता येतं. यात टपालाचा उशीर हा मोठा दोष आहे, मोजणीच्या दिवशी सकाळी आठनंतर पोचलेला लिफाफा बाद होतो. म्हणून उमेदवारांच्या माघारीनंतर मतदानापर्यंतचे दिवस वाढवावे लागतील. ते करा. कुणी बटण दाबून उद्घाटन करावं असं त्यात काही नाही, हे खरं.

आता महापालिकेचं. बहुतेक प्रभागांत अ, ब, क, ड अशा चार जागांची चार मतं एका माणसानं द्यायची, चौथं दिल्याशिवाय बीप वाजत नाही, म्हातारी माणसं तिसऱ्यावरच निघायला लागतात आणि अधिकारी मागून हाका मारतो. हा घोळ ॲपवर कमी होणार नाही, पाच इंचाच्या पडद्यावर वाढेल. शिवाय लोकसभेला मत दिल्यावर व्हीव्हीपॅटची, म्हणजे मत कागदावर छापून दाखवणाऱ्या यंत्राची चिठ्ठी सात सेकंद दिसते, महापालिकेला व्हीव्हीपॅटच नाही. आधी आम्हाला ती सात सेकंद द्या.

आणि यादी. १ जुलै २०२५ ची विधानसभेची यादी घेतली आणि प्रभागांच्या हद्दींवर फोडली. फोडणार कशावरून? पत्त्यावरून. आणि पत्त्याच्या रकान्यात घर क्रमांकाऐवजी शून्य, रेघ, नाहीतर नुसतं ‘सिडको’. मग एक घर तीन केंद्रांवर जाणार नाही तर काय होईल? प्रत्येक नावाला इमारत आणि गल्लीचा पक्का क्रमांक जोडा, एका घराची नावं एकत्र ठेवा, फोडलेली यादी हरकतींसाठी किमान महिनाभर लावा. आणि ती शोधता येईल अशा मजकुरात द्या. कागदाचा फोटो काढून पीडीएफ करायची आणि वर म्हणायचं डिजिटल! ज्या यादीत नाव शोधायला बोट ओळीवरून फिरवावं लागतं, तिच्यावर मोबाइलचं मतदान उभं करणार आहात. नाव चुकलं तर केंद्रावर निदान समोर माणूस असतो. ॲप म्हणेल ‘नोंद आढळली नाही’, आणि बंद होईल.

खरं सांगायचं तर मतदान सोपं करण्याची ही घाई ऐकून हसू येतं. नाशिक महापालिकेची याआधीची निवडणूक फेब्रुवारी २०१७ ला झाली. मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. त्यानंतर जवळपास चार वर्षं १२२ खुर्च्या रिकाम्या. सिंहस्थाची कामं, रस्ते, गोदाघाट, घरपट्टी सगळं प्रशासकाच्या सहीवर. मत द्यायला फोन नव्हता म्हणून का हे झालं? प्रभाग कसे पाडायचे, आरक्षण किती यावर तुमच्या खात्यांचा आणि न्यायालयाचा पत्रव्यवहार चालला होता म्हणून झालं. चार वर्षं मतच मागितलं नाही, आणि आता म्हणे घरी येऊन घेतो!

आपल्याकडून तीनच प्रश्नांची उत्तरं हवी आहेत. फोनवर दिलेलं मत आत बदललं गेलं, तर ते मतदाराला कसं कळेल? हरलेल्या उमेदवारानं फेरमोजणी मागितली, तर मोजणार काय? आणि यंत्रणेचा सोर्स कोड, म्हणजे ती ज्या आज्ञांवर चालते तो मजकूर, मतदानाआधी किती महिने सगळ्यांसाठी खुला राहील? तिसऱ्याचं उत्तर ‘सुरक्षेच्या कारणास्तव देता येत नाही’ असं येणार असेल, तर पहिल्या दोघांचा त्रास घेऊ नये.

आपले,
नाशिकमधले काही मतदार

ता. क. : हे पत्र ई-मेलनं पाठवलं आहे. पोच हवी म्हणून स्पीड पोस्टनंही पाठवतोय, रजिस्टर पोस्ट आपल्या सरकारनं सप्टेंबर २०२५ पासून त्यातच विलीन केलं आहे.