शब्द मात्र बोला

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पत्रव्यवहाराच्या पानावर अलीकडे येशूविषयी दोन पत्रे आली. एका वाचकाने लिहिले होते की येशूची शिकवण सुंदर आहे, ती कोणालाही घेता येते, मग त्याच्या अधिकाराचा एवढा आग्रह कशाला? दुसऱ्या वाचकाने जरा चिडूनच विचारले होते की ‘प्रभूने माझे जीवन बदलले’ अशी साक्ष देणारे लोक घरी-दारी वागताना बदललेले का दिसत नाहीत? मला हे दोन्ही प्रश्न एकाच प्रश्नाची दोन टोके वाटली, म्हणून लिहीत आहे. माझे वय 71. जन्म ख्रिस्ती घरात झाला. 35 वर्षे रुग्णालयात परिचारिका होते, त्यातली बरीच वर्षे वॉर्डची इन्चार्ज. धर्मशास्त्र मी शिकलेले नाही. पण अधिकार ऐकायचा कसा आणि चालवायचा कसा, हे दोन्ही मी रोज केले आहे, आणि त्यात मोठी चूकही केली आहे.

बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानात 8व्या अध्यायात कफर्णहूम गावच्या शताधिपतीची गोष्ट आहे. रोमी सैन्यातला अधिकारी. त्याचा चाकर पक्षघाताने घरी तळमळत पडलेला. येशू म्हणतो, मी येऊन त्याला बरे करीन. त्यावर हा माणूस म्हणतो, आपण माझ्या छपराखाली यावे एवढी माझी योग्यता नाही, आपण शब्द मात्र बोला. आणि कारण काय देतो? मीही ताबेदार माणूस आहे. माझ्या हाताखाली शिपाई आहेत. एकाला जा म्हटले की तो जातो, दुसऱ्याला ये म्हटले की तो येतो.

पंडितांना यात काय दिसते ते मला माहीत नाही, मला मात्र यात रात्रपाळी दिसते. मध्यरात्र उलटलेली असते, रुग्णाचा रक्तदाब घसरू लागतो, डॉक्टर घरी असतात. आपण फोन करतो. पलीकडून झोपेतल्या आवाजात अर्धे वाक्य येते, अमुक औषध, एवढे, शिरेतून. आम्ही ते लिहून घेतो, त्यांना परत वाचून दाखवतो आणि देतो. डॉक्टर अंथरुणातून उठलेलेही नसतात. त्यांचा शब्द तेवढा वॉर्डात येतो आणि काम करतो. त्या शब्दाच्या मागे पदवी असते, नोंदणी असते, नेमणूक असते. आणि तरीही सकाळी येऊन डॉक्टरांना त्या तोंडी ऑर्डरखाली सही करावी लागते.

शताधिपतीला हेच कळले होते. त्याचा शब्द शिपायांवर चालत होता, कारण तो स्वतः वरच्या सत्तेखाली होता. त्याने येशूत तेच ओळखले, म्हणून तो ‘मीही’ म्हणाला. फरक एवढाच की या शब्दाखाली दुसऱ्या कोणाची सही लागणार नव्हती. मत्तय सांगतो, येशूला त्याच्या बोलण्याचे आश्चर्य वाटले. येशूला आश्चर्य वाटल्याचे मला दोन ठिकाणी आढळते. एक हे. दुसरे मार्काच्या 6व्या अध्यायात, स्वतःच्याच गावच्या लोकांचा अविश्वास पाहून. जन्मभर ख्रिस्ती मंडळीत वाढलेल्या माझ्यासारखीने ही दोन ठिकाणे शेजारी ठेवून वाचावीत.

आपल्या भाषेत ‘अधिकारवाणी’ हा फार चांगला शब्द आहे. मार्क पहिल्याच अध्यायात सांगतो की यहुद्यांच्या सभास्थानातले लोक थक्क झाले, कारण येशू त्यांच्या धर्मशास्त्र शिकवणाऱ्या शास्त्र्यांसारखा नव्हे, अधिकार असलेल्या माणसासारखा शिकवत होता. शास्त्री आपल्या आधीच्या गुरूंचे दाखले देत. संदेष्टेही ‘परमेश्वर म्हणतो’ असे म्हणूनच बोलत. डोंगरावरच्या प्रवचनात मत्तयाच्या 5व्या अध्यायात मात्र सहा वेळा येते, असे सांगितलेले तुम्ही ऐकले आहे, पण मी तुम्हांला सांगतो. कोणाचाही दाखला नाही. पहिल्या पत्रलेखकांना मला हेच दाखवायचे आहे. शिकवण ठेवावी आणि अधिकार बाजूला काढावा म्हटले, तर या ‘पण मी तुम्हांला सांगतो’चे काय करायचे? ते खरवडून काढले तर जे उरते ते सुविचारांच्या फळ्यावर लिहिण्याइतके उरते. मी ते तसेच 12 वर्षे वापरले, म्हणून सांगते.

तेव्हा मी 38 वर्षांची होते. सकाळच्या राउंडला डॉक्टरांनी एका रुग्णाच्या औषधाची मात्रा कमी करायला सांगितली. मी मान हलवली. ड्यूटी सोपवताना पुढच्या पाळीच्या वहीत ते लिहायचे माझ्याकडून राहिले, तोंडीही सांगितले नाही. पुढच्या पाळीत नोकरीला लागून वर्षही न झालेली एक मुलगी होती. तिने वहीत होते तेवढे औषध दिले. देवाच्या कृपेने रुग्णाला काही झाले नाही, रात्रभर लक्ष ठेवावे लागले इतकेच. दुसऱ्या दिवशी मी तिला रुग्णांसमोर, नातेवाइकांसमोर, आयांसमोर उभी करून बोलले. काय बोलले ते इथे लिहायची माझी हिंमत नाही. घटनेच्या अहवालात मी तिचे नाव लिहिले. माझे लिहिले नाही.

वरिष्ठांनी मला बोलावून विचारले होते, मात्रा बदलल्याचे तुमच्याकडून सांगितले गेले होते ना? त्या क्षणी मनात जे चालले ते मार्काच्या 11व्या अध्यायात जसेच्या तसे लिहिलेले आहे. मंदिरात मुख्य याजक, शास्त्री आणि वडीलजन येशूला विचारतात, तू हे कोणत्या अधिकाराने करतोस? तो उलट विचारतो, लोक ज्याला संदेष्टा मानत त्या योहानाचा बाप्तिस्मा, म्हणजे पाण्याने करायचा तो विधी, स्वर्गापासून होता की माणसांपासून? मग ते आपसांत हिशेब मांडतात. स्वर्गापासून म्हटले तर हा विचारील, मग विश्वास का ठेवला नाही. माणसांपासून म्हटले तर लोकांची भीती. शेवटी म्हणतात, आम्हांला ठाऊक नाही. खरे काय, हा प्रश्न त्यांच्या हिशेबात कुठेच नाही. माझ्याही नव्हता. सांगितले म्हणावे तर खोटे. नाही म्हणावे तर बढती अडेल. मी म्हटले, “नक्की आठवत नाही.” मुलीला मेमो मिळाला. पुढे ती दुसरीकडे निघून गेली.

त्यानंतर 12 वर्षे मी दर रविवारी उपासनेला गेले. संडे स्कूलमध्ये मुलांना हेच प्रवचन शिकवले, तक्ते करून शिकवले. प्रार्थनेत डोळ्यांतून पाणी येई, तेही खरेच होते. मी साक्षही दिली आहे. त्या चिडलेल्या वाचकांनी मला तेव्हा पाहिले असते तर त्यांचे म्हणणे माझ्याबद्दल तंतोतंत खरे ठरले असते. म्हणून मला त्यांचा राग आला नाही.

मग एका रविवारी प्रभुभोजनाआधी, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीआधी, पाळकांनी वाचले, तू आपले दान वेदीजवळ आणत असता तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असे तुला आठवले, तर दान तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग येऊन दान अर्पण कर. हे वचन मला पाठ होते. पण त्या दिवशी एक गोष्ट टोचली. तिथे ‘तुझ्या मनात भावाविरुद्ध’ असे नाही, ‘भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध’ असे आहे. माझ्या मनात त्या मुलीविषयी काही नव्हतेच. मी तिला विसरले होते. येशू विचारत होता तिच्या मनाविषयी. आणि मला रात्रपाळीतला फोन आठवला. तोंडी ऑर्डर आली आहे. लिहून घेतली आहे, वाचूनही दाखवली आहे, वर्षानुवर्षे, मुलांना. दिलेली मात्र नाही. औषध ट्रेमध्येच पडून आहे. लूकाच्या 6व्या अध्यायात येशू विचारतो, तुम्ही मला प्रभू, प्रभू म्हणता, पण मी सांगतो ते का करत नाही? मी भाकर न घेता उठून बाहेर आले.

तिचा पत्ता मिळायला सात आठवडे गेले. त्याआधी मी कार्यालयाला लेखी कळवले की त्या घटनेत चूक माझी होती आणि मी ती लपवली. उत्तर आले, नोंद घेण्यात आली आहे. बढती तर केव्हाच मिळून गेली होती, त्यामुळे गमावण्यासारखे फार नव्हते, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. तरी सहकाऱ्यांच्या नजरा बदलल्या, त्या निवृत्तीपर्यंत तशाच राहिल्या.

ती दारातच उभी राहिली. मला आत बोलावले नाही. मी सगळे सांगितले, काही राखले नाही. ती म्हणाली, “सिस्टर, बारा वर्षं प्रत्येक इंजेक्शन भरताना माझा हात तीनदा थांबतो. मला वाटायचं, मी वहीत वाचलंच नसेल नीट.” मग थोड्या वेळाने, “तुम्हाला माहीत होतं.” मी हो म्हटले. तिने क्षमा केली असे म्हटले नाही. मी मागितलीही एकदाच. पुन्हा मागणे म्हणजे तिच्यावर जबरदस्ती झाली असती.

पश्चात्ताप या आपल्या शब्दात ताप आहे, मागाहून होणारी होरपळ. नव्या करारातला मूळ ग्रीक शब्द मेटानोइया, म्हणजे मनच पालटणे. होरपळ मला अधूनमधून 12 वर्षे होत होती. तिने मन पालटले नाही. पालटले ते त्या दारात उभे राहिल्यावर, आणि तेही सगळे नाही. तापटपणा अजून आहे. येशूचा शिष्य पेत्र याचेच पाहा, एवढे सगळे पाहिल्यावरही अंत्युखिया शहरात लोकांच्या भीतीने तो परराष्ट्रीयांच्या, म्हणजे यहुदी नसलेल्यांच्या, पंक्तीतून उठला आणि प्रेषित पौलाला त्याला तोंडावर सुनवावे लागले, हे गलतीकरांस पत्राच्या 2ऱ्या अध्यायात लिहिले आहे. बदललेल्या माणसाची चूक मंडळीने लपवली नाही, शास्त्रात लिहून ठेवली. माझ्या अहवालापेक्षा तो किती खरा अहवाल!

एक गोष्ट मात्र तेव्हापासून निराळी झाली. निवृत्तीपर्यंतची आठ वर्षे मी कोणालाही रुग्णांसमोर बोलले नाही. आणि चूक आली की पहिला प्रश्न, माझ्याकडून काय सांगायचे राहिले? हा प्रश्न माझ्या स्वभावात नव्हता. तो बाहेरून आला आहे.

अधिकार असणे आणि अधिकार गाजवणे यांत आपली भाषा फरक करते. तो फरक मी योहानाच्या 13व्या अध्यायात शिकले. येशू कमरेला रुमाल बांधतो, गंगाळात पाणी घेतो आणि शिष्यांचे पाय धुतो. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचे पाय मी हजारो वेळा धुतले आहेत, बोटांच्या बेचक्यांत साचलेला मळ, टाचांच्या भेगा, दुखऱ्या जागी हात लागला की आखडणारा पाय. हे काम लांबून करता येत नाही, वाकावेच लागते. त्या पंगतीत त्याला धरून देणारा यहूदाही होता, आणि येशूला त्याचे मन माहीत होते. आणि धुऊन झाल्यावर तो काय म्हणतो पाहा. तुम्ही मला गुरू आणि प्रभू म्हणता, ते ठीकच म्हणता, कारण मी तो आहे. नुकतेच दुसऱ्यांचे पाय धुतलेले असतानाही तो आपला अधिकार नाकारत नाही. माझ्याकडे अधिकार होता तेव्हा मी वाकले नाही, आणि वाकायची वेळ आली तेव्हा वाटले आता अधिकार गेला.

यासाठीच आमच्या काही पुढाऱ्यांबद्दल मला मनापासून दुःख होते. ‘देवाने मला सांगितले’ म्हणून समोरच्याचे तोंड बंद करायचे, प्रश्न विचारणाऱ्याला बंडखोर ठरवायचे, हे मी पाहिले आहे. तो येशूचा अधिकार नाही. सगळे विकून गरिबांना दे हे ऐकून श्रीमंत तरुण खिन्न होऊन निघून गेला तेव्हा येशू त्याच्यामागे धावला नाही, धमकी दिली नाही. मार्क लिहितो, तो जाण्याआधी येशूने त्याच्याकडे पाहिले आणि त्याच्यावर प्रीती केली. येशूला पाहायला झाडावर चढलेल्या जकातदार जक्कयाला तर पैसे परत कर असेही सांगितले नाही. त्वरा करून खाली ये, आज मला तुझ्या घरी उतरायचे आहे, एवढेच. चौपट परत देण्याचे जक्कय स्वतःहून बोलला. ज्याच्या सत्तेपुढे माणूस असा मोकळा होतो, त्याच्या नावाने माणसांना बांधून ठेवणाऱ्यांना मी ख्रिस्ती म्हणून उघडपणे विरोध करते.

चिडलेल्या वाचकांना माझी विनंती आहे, कोणी साक्ष दिली की त्याला अवश्य विचारा, प्रभूच्या कोणत्या शब्दासाठी तुम्ही कोणाच्या दारात गेलात? मला कोणी हे आधी विचारले असते तर त्या मुलीची काही वर्षे वाचली असती.

भेटीनंतर दोन वर्षांनी तिचे चार ओळींचे पत्र आले. मी कार्यालयाला दिलेल्या कबुलीची प्रत तिला हवी होती, का ते लिहिले नव्हते. मी त्याच दिवशी सहीसह पाठवली. त्यानंतर तिच्याकडून काही कळलेले नाही. सकाळच्या प्रार्थनेत मी तिचे नाव घेते, आणि तिचा हात आता एकदाच थांबत असावा, एवढे मागते.

आपली,
एक निवृत्त परिचारिका