ओतकामाच्या मिस्त्रीकाकांना जाहीर आभारपत्र

आदरणीय मिस्त्रीकाका,

सा. न. वि. वि.

माझ्या आजवरच्या ब्राँझ शिल्पांचे प्रदर्शन नुकतेच पार पडले. त्याच्या माहितीपुस्तिकेत माझे शिक्षण, माझे गुरुजन आणि मिळालेली पारितोषिके असे सारे काही छापून आले, परंतु ज्या भट्टीतून ही शिल्पे बाहेर पडली तिचा उल्लेख त्यात नव्हता. आपल्याकडे प्रघातच तसा आहे. पुण्यातील अश्वारूढ शिवाजी महाराजांचा 1928 सालचा ब्राँझ पुतळा शिल्पकार नानासाहेब करमरकरांचा, हे अनेकांना ठाऊक असते. तो ओतणाऱ्या हातांची नावे मात्र कुणी विचारीत नाही. म्हणून हे पत्र खासगीत न पाठवता सर्वांसमोर लिहीत आहे.

माणूस आणि त्याच्याभोवतीचा निसर्ग एकाच आकृतीत घडवायचा, हा माझ्या कामाचा पहिल्यापासूनचा विषय. शाडूच्या मातीत ते फारसे अवघड नसते. आत सळई आणि तारेचा सांगाडा असला की वडाची पारंबीही हवी तशी लोंबते आणि पक्ष्याचा पंखही हवा तितका पातळ करता येतो. खरी परीक्षा पुढे असते. मातीवरून साचा, साच्यातून चार-पाच मिलिमीटर जाडीची मेणाची पोकळ प्रत, आणि त्या मेणाच्या जागी अकराशे अंशांहून अधिक तापलेला धातू, या प्रवासात पातळ भागात धातू पोहोचण्याआधीच गोठतो, कोपऱ्यात हवा अडकते आणि महिनोन् महिने खपून केलेले काम अर्धवट बाहेर येते. आपण मेणाची प्रत हातात घेऊन ती उजेडाकडे फिरवीत असा आणि धातू कुठून चढेल, कुठे अडेल, हवा कुठून निघेल हे बोट ठेवून सांगत असा. कलाशाळेत मला शरीररचना उत्तम शिकवली गेली, पण धातूची चाल मी आपल्याकडेच शिकले.

भातलावणी करणारी बाई आणि तिच्यामागे चालणारा गायबगळा हे शिल्प आपल्याला आठवत असेलच. बगळ्याचे पाय काडीएवढे बारीक होते. ते जाड करा, असे आपण म्हणाला असता तर मी निमूटपणे केलेही असते. त्याऐवजी आपण म्हणालात, ‘बगळ्याला रोपांत उभा करा. धातू रोपांतून चढवू आणि तिथून पायांत सोडू.’ एरवी धातूला वाट करून देण्यासाठी लावायच्या आणि ओतकाम झाल्यावर कापून टाकायच्या ज्या मेणाच्या नळ्या असतात, त्याच या शिल्पात भाताची रोपे होऊन राहिल्या. प्रदर्शनात जाणकारांनी या रोपांच्या मांडणीचे भरभरून कौतुक केले. ते कौतुक न्यायाने आपले आहे.

पिंपळाच्या पानांची गोष्टही अशीच. मला शिरा हुबेहूब हव्या होत्या, तेव्हा खऱ्या पानांच्या पाठीवर कोमट मेणाचा हात फिरवून त्यांना जाडी आणण्याची युक्ती आपली. भट्टीत मेण वितळून निघून जाते, परंतु पानाची राख साच्यात राहते आणि ती राहिली की धातूत भोके पडतात. यासाठी साचा निवल्यावर तो उलटा धरून, हवा मारून राख काढण्याचा आणि पुन्हा तापवून मगच ओतण्याचा दुप्पट खटाटोप आपण केलात. इंधनाचा वाढीव खर्च बिलात लावला नाहीत, हेही इथे नोंदवते, कारण आपण स्वतः ते कधी बोलणार नाही.

कोकणातल्या एका बागेसाठी केलेल्या शिल्पाला हिरवी झाक हवी, असा मालकांचा आग्रह होता. शिल्प समुद्राजवळ बसणार हे कळताच आपण ठाम नकार दिलात. खाऱ्या हवेत हिरवा थर पुढे आपोआप येतो आणि कधीकधी तो धातू खातो, असे त्यांना समजावून आपण ब्लोटॉर्चने शिल्प तापवत फेरिक नायट्रेट या रसायनाचा तपकिरी रंग चढवलात आणि वर मेण दिलेत. दरवर्षी मेणाचा हात द्यायचा, ही अटही घातलीत. गिऱ्हाईक दुखावेल याची चिंता मला होती; आपल्याला शिल्पाची होती.

मुंबईच्या संग्रहालयात आपण दोघे दायमाबादचे प्राचीन, धातूचे प्राणी पाहायला गेलो होतो. तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात 1974 साली सापडलेल्या त्या ठेव्यात रथ, हत्ती, गेंडा आणि म्हैस आहेत. सारे भरीव ओतलेले आणि एकूण वजन 60 किलोंहून अधिक. मी त्यांचे आकार पाहत होते आणि आपण काचेभोवती फिरून धातू कुठून ओतला असेल ते शोधत होता. त्या अनाम कारागिरांना इतक्या आपुलकीने प्रश्न विचारणारा दुसरा प्रेक्षक मी पाहिलेला नाही.

म्युनिकला शिकून आलेल्या शिल्पकार मीरा मुखर्जी बस्तरच्या घडवा या पारंपरिक ओतकाम करणाऱ्या कारागिरांकडे शिकायला बसल्या आणि आपण कुणाकडून काय घेतले हे त्यांनी उघडपणे सांगितले. त्यांच्या कामाशी माझी बरोबरी नाही. हा त्यांचा रिवाज मात्र मला पाळता येईल. यापुढे माझ्या प्रत्येक शिल्पाच्या बैठकीवर माझ्या सहीखाली ‘ओतकाम’ असे लिहून आपले नाव कोरले जावे, अशी माझी इच्छा आहे. जुन्या शिल्पांच्या मालकांनाही त्यासाठी पत्रे पाठवली असून काहींचा होकार आला आहे. आपण संकोचाने नको म्हणाल हे जाणून आधीच विनंती करते, की या एका बाबतीत माझे ऐकावे आणि नाव कसे लिहायचे ते आपल्या हस्ताक्षरात पाठवावे. भट्टीवरच्या सर्व सहकाऱ्यांनाही माझे मनःपूर्वक धन्यवाद सांगावेत.

आपली नम्र,
एक शिल्पकार