तीन महिन्यांत बरा होतो तो हिपॅटायटिस वेगळा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या आरोग्य पुरवणीत हिपॅटायटिसवर लेख आला होता, त्यात एका चौकटीत ठळक अक्षरात छापलं होतं की तीन महिने गोळ्या घेतल्या की हिपॅटायटिस मुळापासून जातो. त्या चौकटीचा फोटो काढून माझ्या धाकट्या भावाने सकाळी सातलाच व्हॉट्सअॅपवर पाठवला आणि खाली एवढंच लिहिलं, ताई मग मला का नाही. मी तेव्हा कंपनीच्या बसमध्ये होते. उत्तर टाइप केलं, खोडलं, परत केलं, परत खोडलं. दोन ओळीत बसणारं ते उत्तरच नव्हतं. म्हणून तुम्हाला लिहितेय, त्याच्यासारखे अजून कितीतरी जण तुमचा पेपर वाचत असतील.

लेखात जे लिहिलंय ते हिपॅटायटिस सी बद्दल शंभर टक्के बरोबर आहे. भावाला आहे बी. नावं बहिणीबहिणीसारखी असली आणि दोन्ही लिव्हरवरच बसत असले तरी हे दोन पूर्णपणे वेगळे व्हायरस आहेत, आणि लेखात सगळीकडे नुसतं हिपॅटायटिस हिपॅटायटिस असं लिहिल्यामुळे घोळ झाला.

मी केमिस्ट आहे, मेडिकलवाली केमिस्ट नाही, एमआयडीसीतल्या एका औषध कंपनीत प्रोसेस डेव्हलपमेंटला बावीस वर्षं काम करतेय. म्हणजे शोध दुसऱ्याने लावलेला असतो, तो रेणू किलोकिलोने स्वस्तात आणि स्वच्छ कसा बनवायचा ते आम्ही बघतो. हिपॅटायटिस सी ची ती प्रसिद्ध गोळी, सोफोसबुविर, तिच्यावर मी स्वतः काम केलंय म्हणून तिच्याबद्दल थोडं सांगते.

सी चा व्हायरस सापडला १९८९ मध्ये, त्याआधी डॉक्टर त्याला नॉन ए नॉन बी म्हणायचे कारण नाव द्यायलाच काही हातात नव्हतं. मग कित्येक वर्षं इंटरफेरॉनची इंजेक्शनं आणि रिबाविरिन, काहींना तर ४८ आठवडे, ताप, अंगदुखी, केस गळणं, डिप्रेशन, आणि एवढं सोसून काही प्रकारात जेमतेम निम्मे पेशंट बरे व्हायचे. खरी अडचण अशी होती की हा व्हायरस लॅबमध्ये पेशींत वाढायलाच तयार नव्हता, मग औषध तपासायचं कशावर? १९९९ मध्ये जर्मनीत बार्टेनश्लागर आणि लोमान यांनी व्हायरसचा एक तुकडा पेशीत स्वतःच्या कॉप्या काढत राहील अशी युक्ती केली आणि तिथून दार उघडलं. फार्मासेट नावाच्या छोट्या कंपनीत मायकल सोफिया यांच्या टीमने तो रेणू बनवला (सोफोसबुविर हे नाव त्यांच्याच आडनावावरून), गिलियड या अमेरिकी कंपनीने ती अख्खी कंपनी साधारण ११ अब्ज डॉलरला घेतली आणि डिसेंबर २०१३ मध्ये अमेरिकेत गोळीला मंजुरी मिळाली. किंमत ठेवली एका गोळीला हजार डॉलर, १२ आठवड्यांचे ८४ हजार डॉलर.

ही गोळी काम कशी करते ते मी आईला माळेवरून समजावलं होतं. व्हायरस स्वतःची कॉपी काढतो म्हणजे एकापुढे एक मणी ओवत जातो, आपण त्यात एक खोटा मणी सरकवायचा, दिसायला अगदी तसाच पण त्याच्यापुढे दुसरा मणी बसत नाही, माळ तिथेच थांबते. आता या मण्याला फॉस्फेट लागतं आणि फॉस्फेटवर चार्ज असतो म्हणून ते पेशीच्या तेलकट भिंतीतून आत जात नाही, तर त्याच्यावर असं पांघरूण घातलंय की ते लिव्हरच्या पेशीत शिरल्यावरच निघतं. किती विचार केलाय बघा. आणि त्या पांघरुणातल्या फॉस्फरसला आपल्या हातासारखी डावी उजवी बाजू असते, दोन्हींपैकी एकच नीट काम करते, दुसरी त्या मानाने फारच मंद. मला आठवतंय आमच्या प्लांटला पहिली मोठी बॅच होती, रात्रीचे अडीच वाजलेले, आम्ही तिघं जण रिअॅक्टरच्या काचेतून टॉर्च मारून बघत होतो, हवी तेवढीच बाजू स्फटिक होऊन वेगळी पडावी म्हणून तापमान अर्धा अर्धा डिग्रीने खाली आणत होतो, कारण घाई केली तर दोन्ही एकत्र बसतात आणि बॅच गेलीच समजा. मग सीड, म्हणजे त्याच पदार्थाचे थोडे तयार स्फटिक, टाकलं, दहा मिनिटं काहीच नाही, आणि एकदम पाण्यात दुधाचा थेंब पडावा तसं आत पांढरं धूसर झालं. ऑपरेटर काका नुसतं आलं आलं म्हणाले. सकाळी रिपोर्ट आला, हवी ती बाजू ९९ टक्क्यांच्या वर. मी घरी जाऊन झोपलेच नाही.

गिलियडने सप्टेंबर २०१४ मध्ये भारतातल्या सात कंपन्यांना लायसन्स दिलं, २०१५ मध्ये इथे जेनेरिक बाजारात आलं, २८ गोळ्यांची बाटली साधारण वीस हजाराला, नंतर अजून खूप उतरलं. पंजाबने २०१६ पासून सी चे उपचार फुकट सुरू केले आणि २८ जुलै २०१८ ला केंद्राचा राष्ट्रीय कार्यक्रम आला. हा अभिमान मला आहे आणि तो मी लपवत नाही. २००१ मध्ये आपल्या मुंबईच्या सिप्लाने एचआयव्हीची तीन औषधं मिळून वर्षाला ३५० डॉलरमध्ये देतो म्हणून सांगितलं, जेव्हा बाहेर तेच दहा हजार डॉलरच्या वर होतं, तेव्हापासून आपल्या लोकांनी अर्ध्या जगाला जगवलंय.

आता भावाचं सांगते. गणपतीत मंडळाचं रक्तदान शिबिर होतं, रक्त दिलं, तीन आठवड्यांनी ब्लड बँकेचा फोन. मग घरातल्या सगळ्यांच्या तपासण्या, आई पण पॉझिटिव्ह निघाली, म्हणजे त्याला जन्मतःच मिळालं असणार, चाळीस वर्षं अंगात आणि कोणालाच पत्ता नाही. टेनोफोविर सुरू झालं, ३०० मिलिग्रॅम, रोज रात्री एक. बाटली तो देव्हाऱ्याच्या मागे ठेवायचा कारण घरी पाहुणे आले तर कोणी नाव वाचेल. दोन वर्षांनी व्हायरल लोडचा, म्हणजे रक्तात व्हायरस किती आहे त्याचा, रिपोर्ट आला, टार्गेट नॉट डिटेक्टेड, त्याने मला फोटो पाठवला, आम्ही पेढे वाटले. आणि तिथेच चूक झाली. कोणीतरी त्याला सांगितलं की व्हायरस दिसत नाही म्हणजे गेला, आता कशाला आयुष्यभर किडनीवर लोड, हा भुईआवळ्याचा पाला घे. त्याने गोळी बंद केली, मला सांगितलं पण नाही. चार महिन्यांनी डोळे पिवळे, लिव्हरला इजा झाली की वाढणारं एसजीपीटी हजाराच्या वर, अकरा दिवस अॅडमिट. वाचला. सगळेच वाचत नाहीत.

भुईआवळ्याबद्दल मला तुच्छता नाहीये हे इथेच सांगते. १९८८ मध्ये मद्रासच्या संशोधकांनी, ज्यांनी बी चा शोध लावून नोबेल मिळवलं त्या ब्लुमबर्ग यांच्यासोबत, भुईआवळ्याच्या जातीवर नीट चाचणी करून लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापली होती आणि निकाल फार आशादायक होता. नंतर दुसऱ्या ठिकाणी लोकांनी करून बघितलं तर तसं आलं नाही. विज्ञानात हे असंच होतं, प्रयत्न प्रामाणिक होता पण टिकला नाही, आणि त्या जोरावर चालू गोळी बंद करायला सांगणं हा गुन्हा आहे.

तर मग त्याला का नाही? सी चा व्हायरस आरएनएचा, तो पेशीत असतो पण केंद्रकात जाऊन बसत नाही, सतत कॉपी काढत राहिला तरच टिकतो, कॉपी थांबवा की काही आठवड्यांत संपतो. बी तसा नाही. बी लिव्हरच्या पेशीच्या केंद्रकात शिरून तिथे आपल्या डीएनएचं एक बंद गोल कडं करून ठेवतो, सीसीसी डीएनए म्हणतात त्याला, आपल्याच डीएनएसारखं प्रोटीनवर गुंडाळलेलं. टेनोफोविर काय करतं, तर झेरॉक्स मशीन बंद पाडतं. मूळ कागद तिजोरीत तसाच. गोळी थांबली की मशीन सुरू, भावाचं तेच झालं. शिवाय त्याचे काही तुकडे आपल्या डीएनएमध्येच जाऊन चिकटतात ते वेगळंच.

त्या तिजोरीपर्यंत पोचणारी गोळी अजून नाही. व्हायरसचं कवच नीट जुळू न देणारे रेणू आले, चाचण्यांमध्ये रक्तातला व्हायरसचा डीएनए खाली आला पण रक्तातलं सरफेस अँटिजेन, म्हणजे व्हायरसच्या बाहेरच्या आवरणातलं प्रोटीन, जे गेलं तर खरं बरं झालं असं म्हणता येईल, ते बहुतेकांत फारसं हललंच नाही, काही कंपन्यांनी ते सोडून दिलं. इंजेक्शनच्या रूपातली वेगळ्या जातीची औषधं पुढे गेलीत आणि काही पेशंटमध्ये अँटिजेन गेलेलं दिसलंय, त्याचा मला मनापासून आनंद आहे, पण ते काही थोड्यांनाच.

आणि हे काम जपून करायचं आहे. १९९३ मध्ये अमेरिकेत एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेत फियालुरिडीन नावाचं औषध बी च्या १५ पेशंटना दिलं होतं. प्राण्यांमध्ये धोका दिसलेला नव्हता. ७ जणांचं लिव्हर बसलं, ५ गेले, २ लिव्हर बदलल्यामुळे वाचले. तो खोटा मणी व्हायरससोबत माणसाच्या मायटोकाँड्रियात, म्हणजे पेशीला ऊर्जा देणाऱ्या भागात, पण ओवला जात होता, आणि उंदरात तसं होत नाही कारण मणी आत नेणारं दार उंदराच्या मायटोकाँड्रियाला नाही, हे नंतर कळलं. बी चा पेशंट बहुतेक वेळा धडधाकट असतो, कामावर जातो, डबा खातो, त्याला वर्षानुवर्षं घ्यायची गोळी द्यायची म्हणजे ती किती निर्धोक हवी. आमच्याकडे नवीन पोरं इम्प्युरिटीच्या लिमिटवरून वैतागतात तेव्हा मी त्यांना या पंधरा जणांचं सांगते.

माझं खरं म्हणणं आता येतं. आज बी वर जग ज्या गोळ्यांवर चाललंय त्या बघा, लॅमिवुडीन आणि टेनोफोविर एचआयव्हीच्या घरातून आल्या, एन्टेकाविर तर मुळात हर्पीससाठी बनवत होते. बी ला दुसऱ्याच्या पानातलं मिळालं. डब्ल्यूएचओचा २०२४ चा रिपोर्ट सांगतो की २०२२ मध्ये जगात २५ कोटी ४० लाख लोकांना बी होता आणि सी ५ कोटींना, भारतात बी २ कोटी ९८ लाख आणि सी ५५ लाख. चीननंतर आपणच. सी ची गोळी बाहेर शोधली गेली, आपण तिची कॉपी केली आणि लाखो लोक बरे झाले, पण बी मुळापासून घालवणारी, कॉपी करावी अशी मूळ गोळीच नाही, मग आपण हात बांधून वाट बघत बसायचं का कोणीतरी कुठेतरी शोधेल म्हणून? तीन कोटी पेशंट आपले, केमिस्ट आपले, पुण्यात पाषाणला एनसीएल ही राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे, तिथून जवळच एनआयव्हीचा, म्हणजे राष्ट्रीय विषाणू संस्थेचा, कॅम्पस आहे, रेणू बनवणारे एकीकडे आणि व्हायरस ओळखणारे एकीकडे, मध्ये रिक्षाचं अंतर. आपल्याला जमत नाही असंही नाही, लखनौच्या सीडीआरआय या सरकारी औषध संशोधन संस्थेने गर्भनिरोधक गोळीचा स्वतःचा रेणू काढला, झायडस कंपनीने मधुमेहींच्या रक्तातल्या चरबीवरचं सारोग्लिटाझार शोधून २०१३ मध्ये इथे मंजूर करून घेतलं. वेळ लागेल, पंधरा वीस वर्षं लागतील, पैसे बुडतील, दहातले नऊ रेणू फेकावे लागतील. ते सरकारी पैशानेच व्हायला हवं, कारण गरिबाच्या आजारात खासगी कंपनी एवढी वर्षं पैसा घालत नाही, आणि हे मी खासगी कंपनीत बसून लिहितेय.

तुमच्याकडून तीन गोष्टी हव्यात. एक, त्या चौकटीची दुरुस्ती छापा, बी आणि सी वेगवेगळे लिहा, तेवढ्याच ठळक अक्षरात. दोन, २८ जुलैला हिपॅटायटिस दिन असतो तेव्हा हे पण छापा की राष्ट्रीय कार्यक्रमात बी आणि सी दोन्हीची तपासणी आणि गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट आहेत, लोकांना खरंच माहीत नाही, माझा भाऊ पहिलं वर्षभर मेडिकलमधून विकत घेत होता. आणि बाळाला जन्मल्यावर २४ तासांत बी ची लस, ते तर छापाच. तीन, तुमच्या वार्ताहराला एकदा विचारू दे ना दिल्लीत, बी ची गोळी शोधायला या वर्षी किती रुपये ठेवलेत. मला आकडा वाचायचाय.

भावाला मी शेवटी रात्री फोन केला. झेरॉक्सचं सांगितलं, त्याने नीट ऐकून घेतलं, मग विचारलं, म्हणजे तिजोरी उघडणारा येईपर्यंत रोज रात्री एक. म्हटलं हो. बाटली आता त्याने देव्हाऱ्यामागून काढून जेवणाच्या टेबलावर ठेवलीय, वहिनीने स्टीलच्या छोट्या डब्यात काढून दिल्या होत्या पण मी सांगितलं बाटलीतच ठेव, आत ती पुडी असते ना ओल धरणारी, ती काढू नको.

पत्र छापलंत तर माझं नाव मात्र देऊ नका, त्याने अजून सासरी सांगितलेलं नाही.

आपली,
एक नियमित वाचक, डोंबिवली