नाव तेच, रंग तोच, ऑइल मात्र पातळ

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय : जुन्या ट्रॅक्टरसाठी घेतलेल्या इंजिन ऑइलची ग्रेड न कळवता बदलल्याबाबत

महोदय,

आमचा ट्रॅक्टर १९९८ सालचा. पुस्तिकेत २०डब्ल्यू-४० ग्रेडचं ऑइल सांगितलंय आणि आम्ही तुमचंच टाकत आलो. यंदा चिखळणीच्या तोंडावर कुडाळच्या दुकानातून नेहमीचा डबा आणला. नाव तेच, रंग तोच. पण मागे बारीक अक्षरांत १०डब्ल्यू-३०, म्हणजे पातळ ऑइल. पुढच्या बाजूला ग्रेडचा मागमूस नाही.

एरवी दोन ऑइलबदलांच्या मधे फार तर अर्धा लिटर वरून घालावं लागतं. या वेळी चिखळणी अर्ध्यावर असतानाच दोन लिटर गेलं. सकाळी स्टार्टर मारला की निळा धूर, चिऱ्यांची ट्रॉली घेऊन घाटी चढताना तर मागचं दिसेना. गळती कुठेच नाही, सील कोरडे आहेत.

तुमच्या हेल्पलाइनवरच्या ताई म्हणाल्या, "गाडी जुनी आहे, ऑइल खाणारच. इंजिन बांधून घ्या." कुठलं ऑइल घातलंय, हे त्यांनी विचारलंही नाही! पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरचे लायनर झिजलेत हे आम्हाला ठाऊक आहे, म्हणून तर जाड ऑइल हवं. ग्रेडमधला शेवटचा आकडा तापलेल्या ऑइलच्या घट्टतेचा: १०० अंशांवर ३० ग्रेडची घट्टता ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक (घट्टता मोजायचं एकक), ४० ची १२.५ ते १६.३. इंजिन तापल्यावर पातळ ऑइल झिजलेल्या रिंगांमधून वर चढतं आणि जळतं. शिवाय १०डब्ल्यू म्हणजे उणे २५ अंशांतही इंजिन फिरावं यासाठीची चाचणी. कोकणात पौषातल्या पहाटेही पारा शून्याच्या आसपास फिरकत नाही, मग त्याचा आम्हाला काय उपयोग? दर्जाबद्दल तक्रार नाही. सीआय-४ हा ऑइलचा दर्जा जुन्या सीएफ-४ पेक्षा सरसच. पण दर्जा वेगळा आणि घट्टता वेगळी.

ते ऑइल काढून दुसऱ्या कंपनीचं २०डब्ल्यू-४० भरलं. धूर पुष्कळ कमी झाला, गेजपट्टीवरची पातळीही टिकतेय. इंजिन तेच आहे, साहेब.

डब्याची आणि वरून घातलेल्या ऑइलची किंमत परत द्या. ग्रेड डब्याच्या पुढच्या बाजूला, मराठीत, ठळक छापा आणि तोवर दुकानदारांना तसं लेखी कळवा. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे जिल्हा आयोगाकडे जाईन. बिलाची प्रत जोडली आहे. काढलेलं ऑइल कॅनमध्ये ठेवलंय. तपासायला माणूस पाठवायचा असेल तर आधी फोन करा, लावणी चालू असल्याने दिवसा घरी कोणी नसतं.

आपला,
एक ग्राहक
ता. कुडाळ, जि. सिंधुदुर्ग