आमची पायरी

पुणे, रविवार रात्र

प्रिय आई आणि बाबा,
ख्रिस्तात सप्रेम सलाम.

चार दिवसांपूर्वी फोनवर बोलता बोलता बाबा गप्प झाले आणि आईनं फोन घेऊन "जेवलीस का?" एवढंच विचारलं, तेव्हाच वाटलं की हे लिहूनच सांगायला हवं. बाबा, मोतीबिंदूमुळे अक्षर लागत नसेल तर आईला मोठ्यानं वाचायला सांगा.

तुम्हाला ठाऊक आहेच, मी राजीनामा दिला आहे. एक जूनला नंदुरबारकडच्या त्या मिशन हॉस्पिटलात रुजू होते आहे. नवजात बाळांचा विभाग, बाळांना ऊब देणारे सहा वॉर्मर, कावीळ झालेल्या बाळांसाठी निळ्या दिव्यांची दोन युनिट्स आणि हाताखाली तीन नवशिक्या सिस्टर. पगार इथल्यापेक्षा बराच कमी. पण बाबांना खुपलं ते पगाराचं नाही, हे मला कळलं. त्यांची जाहिरात साध्या स्टाफ नर्ससाठी होती आणि मी पत्र लिहून कळवलं की मला विभागाची जबाबदारी हवी, मुलींना शिकवण्याचा अधिकार हवा. ते तुम्हाला लागलं. पद मागून घ्यायचं नसतं, प्रभू देईल तेव्हा हात पुढे करायचा, असं तुम्ही म्हणालात. आणि मग शास्त्रातल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा पंचेचाळिसावा अध्याय काढलात, त्याचा लेखनिक बारूख याला देव सांगतो तो: तू स्वतःसाठी मोठ्या गोष्टी शोधतोस काय? शोधू नकोस.

चार रात्री मी तो अध्याय वाचते आहे. पाचच वचनं आहेत. तुम्ही शिक्षा केल्यासारखं पाठ करायला दिलं असतंत तरी इतक्या वेळा वाचलं नसतं.

बाबा, बारूख त्या वेळी काय करत होता ते छत्तिसाव्या अध्यायात आहे. यिर्मयाला मंदिरात जायची बंदी होती, म्हणून त्याच्या तोंडची वचनं बारूखानं गुंडाळीत लिहून घेतली आणि उपासाच्या दिवशी भर मंदिरात, सगळ्या लोकांसमोर वाचली. ऐकून सरदार घाबरले. त्यांनी बारूखाला सांगितलं, तू आणि यिर्मया कुठेतरी लपा. राजा यहोयाकीम हिवाळ्याच्या महालात शेगडीपुढे बसला होता. तीन-चार स्तंभ वाचून झाले की तो चाकूनं तेवढा भाग कापायचा आणि शेगडीत टाकायचा. सगळी गुंडाळी जळाली. मग बारूखानं काय केलं? पुन्हा लिहायला बसला. पहिल्यापेक्षा जास्त वचनं घालून लिहिली.

ज्याला देव म्हणतो मोठ्या गोष्टी शोधू नकोस, तो माणूस हा. त्या वर्षी यरुशलेमेत याहून मोठं काम दुसरं कुणी करत असेल असं मला वाटत नाही. देवानं त्याला गप्प घरी बसवलं नाही, लेखणी खाली ठेवायला सांगितली नाही. फक्त त्यातून स्वतःसाठी काही काढू नकोस म्हणाला. त्या वचनातला ‘स्वतःसाठी’ हा शब्द मला फार जपून वाचावा लागतो, कारण माझ्याही मनात तो शिरतो. इन्चार्ज सिस्टर म्हणून दारावर नाव लागेल याचा मला आनंद झाला होता, हे तुमच्यापासून लपवत नाही. तो आनंद मी रोज प्रार्थनेत पुढे ठेवते. पण त्या आनंदाच्या भीतीनं काम सोडून द्यायचं का?

आता एक गोष्ट सांगते, जी मी आजवर आईलाही सांगितली नाही.

सात वर्षांपूर्वी, या आधीच्या नोकरीत, माझी रात्रपाळी होती. तिसऱ्या दिवसाचं बाळ, मुलगा. काविळीचा पिवळेपणा पोटापर्यंत होता, तो पहाटे दोनच्या सुमारास तळपायापर्यंत उतरलेला मला दिसला. बाळ दूध ओढत नव्हतं, रडण्याचा आवाज बारीक झाला होता. मी ड्युटीवरच्या डॉक्टरांना सांगितलं. ते थकले होते, सकाळी रक्त पाठवू म्हणाले. मी पुन्हा बोलले नाही. मोठ्या डॉक्टरांना फोन करायचा नियम होता, नंबर भिंतीवर लिहिलेला होता. मी त्या नंबरकडे बघत उभी राहिले आणि मनात आलं, आपण कोण उगाच. आपली पायरी ओळखून राहावं.

सकाळी धावपळ झाली, बाळाचं रक्त बदललं. जीव वाचला. दीड वर्षानं त्या बाळाची आई मला बसस्टँडवर भेटली, कडेवर तोच मुलगा. तिनं मला ओळखलं, हसली, आणि सांगितलं की याला ऐकू येत नाही. कावीळ फार वाढली की असं होऊ शकतं.

बाबा, त्या रात्री मला जे वाटलं त्याला मी कितीतरी वर्षं नम्रता म्हणत आले. ती नम्रता नव्हती. प्रभूच्या दाखल्यातला, धन्यानं सोपवलेला पैसा जमिनीत पुरून ठेवणारा तो तिसरा दास आठवतो ना? संडेस्कूलमध्ये तुम्हीच शिकवायचा. त्यानं एक पैसा उधळला नाही, चोरला नाही, जसाच्या तसा परत केला. धन्याला तो काय सांगतो? मी भ्यालो. बस्स, एवढंच. ते वाचलं की मला भिंतीवरचा तो नंबर दिसतो.

तेव्हापासून मी ‘पायरी’ या शब्दाचा माग काढते आहे. तुमच्या कौटुंबिक प्रार्थनेत तो रोज येतो: प्रभो, आम्हांला आमची पायरी कळू दे. लहानपणी मला वाटायचं हे शास्त्रातलं वचन आहे. नाही हो बाबा. हे शब्द गावातून आले आहेत. पणजोबा वेशीबाहेर राहायचे, पाटलाच्या वाड्यापुढून जाताना पायातली वहाण हातात घ्यायचे, ते तुम्हीच सांगितलंत. आपल्या नगर जिल्ह्यातल्या कितीतरी ख्रिस्ती घरांची हीच कहाणी आहे. पणजोबांनी बाप्तिस्मा घेतला तो वाकलेली मान वर करायला. मग मान वाकवायला सांगणारा तो शब्द आपण बरोबर का आणला? ख्रिस्तानं शिष्यांचे पाय धुतले ते स्वतः उठून, कंबरेला रुमाल बांधून. तिथे त्याला कुणी पायरी दाखवली नव्हती.

आणि तुम्ही तरी कुठे त्या पायरीवर थांबलात? बहात्तरच्या दुष्काळात सोळा वर्षांचे असताना दुष्काळी कामावर तुम्ही खडी फोडली, सुकडी खाऊन दिवस काढले आणि रात्री चिमणीच्या उजेडात मॅट्रिकचा अभ्यास केला. गावात लोक म्हणायचे, हा मास्तर होणार म्हणे. झालात. पस्तीस वर्षं शिकवलंत. आई, तू दादा आणि मी झाल्यावर बाहेरून दहावीला बसलीस. परीक्षेला जाताना मला आजीकडे ठेवलं होतंस आणि मी रडून गोंधळ घातला होता, हे तू दर नाताळला सांगतेस. तुम्ही दोघंही याला प्रभूची कृपा म्हणता. कृपा होतीच. पण खडी तुम्ही फोडलीत, आणि पेपर तू लिहिलेस. काहीतरी हवं होतं म्हणूनच ना?

आई, तुझ्यासाठी जब्दीच्या बायकोचं, म्हणजे याकोब आणि योहान या शिष्यांच्या आईचं. माझ्या दोन मुलांना तुझ्या राज्यात उजवीकडे आणि डावीकडे बसव, असं ती प्रभूला सांगायला गेली. बाकीचे दहा शिष्य चिडले. प्रभू चिडला नाही. त्यानं पोरांनाच विचारलं, माझा प्याला तुम्हांला पिता येईल का? आणि मग सगळ्यांना सांगितलं, ज्याला मोठं व्हायचंय त्यानं सेवक व्हावं. मोठं होऊच नका असं तो कुठेच म्हणाला नाही. पुढे त्या दोघांतल्या याकोबाला हेरोदानं तलवारीनं मारलं. प्याला त्याला खरंच प्यावा लागला.

जामखेडचं तुम्हाला मी काय सांगावं. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे आपल्याच जिल्ह्यातल्या वडाळ्याच्या मिशन हॉस्पिटलात होते, मग अमेरिकेत शिकून १९७० मध्ये जामखेडला आले. त्यांनी खेड्यातल्या बायकांना आरोग्याचं काम शिकवलं. अनेकींना अक्षरओळख नव्हती, अनेक जणी दलित वस्तीतल्या. त्या बाळंतपणं करायला, आजारी मूल ओळखायला शिकल्या. १९७९ मध्ये त्या दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तो सगळ्यांना आठवतो. मला मात्र वाटतं, खरी हिंमत त्या बायकांची. ज्या घरात कालपर्यंत पाणी वरून ओतून दिलं जायचं, तिथे जाऊन सुनेला सांगायचं की बाळाला पहिलं चिकाचं दूध पाज, टाकून देऊ नकोस.

आणि केडगावची पंडिता रमाबाई. मी आठवीत असताना तुम्ही मला मुक्तीला, रमाबाईंनी निराधार बायकांसाठी उभारलेल्या आश्रमात, घेऊन गेला होतात, रेल्वेनं. उत्तर वयात हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी सबंध शास्त्राचं मराठी भाषांतर केलं, खेड्यातल्या बाईला समजावं म्हणून. छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायला मुक्तीतल्याच मुली. १९२१ मध्ये मनोरमा गेली, एकुलती एक लेक, तरी काम थांबलं नाही. १९२२ च्या एप्रिलमध्ये रमाबाई गेल्या. त्या बाईला तुम्ही हावरी म्हणाल का? तुम्ही तर त्या दिवशी तिथे टोपी काढून उभे होतात.

मला काय हवं आहे ते नीट सांगते. त्या भागात कमी वजनाची बाळं खूप जन्मतात. पावरी आणि भिली बोलणाऱ्या मुली मला तयार करायच्या आहेत, पाच वर्षांत दहा तरी. पिवळेपणा तळपायापर्यंत आला की डॉक्टरला झोपेतून उठवणाऱ्या, तो नाही म्हणाला तर वरच्याला फोन लावणाऱ्या. अकराशे ग्रॅमचं बाळ आईच्या छातीशी उघडं बांधून जगवायचं ते तंत्र, कांगारूसारखं, ते तिथल्या आयांना शिकवायचं आहे. १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात बाळांना ऊब देणाऱ्या काचेच्या पेट्या पुरेनात म्हणून हे सुरू झालं. मशीन नसेल तिथेही आईची ऊब असतेच.

भीती वाटते. भाषा येत नाही, रात्री लाईट जाते, आणि माझ्या चुकीनं बाळ दगावलं तर ती जबाबदारी माझीच. शास्त्रातला नहेम्या यरुशलेमेची भिंत बांधायला जाण्यासाठी राजापुढे उभा राहिला तेव्हा तोही फार भ्याला होता, त्यानं स्वतःच लिहून ठेवलंय. मनात प्रार्थना केली आणि मग राजाकडे रजा मागितली, पत्रं मागितली, वर लाकूडही मागितलं. मी हॉस्पिटलच्या कमिटीला पत्र लिहिताना तेच करत होते.

तुमचं कोण बघणार, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण तो मला ऐकू आला. दादा-वहिनी शेजारी आहेत म्हणून मी सुटले असं मी धरत नाही. बाबांच्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख जुलैत मिळाली तर बरं, मी आत्ताच तिथे चार दिवसांची रजा सांगून ठेवली आहे. त्या चार दिवसांत डोळ्यात थेंब मीच घालणार, वहिनीला सांग.

वीस मेला घरी येते, आठ दिवस राहीन. बाबा, निघायच्या आदल्या रात्रीची प्रार्थना तुम्हीच करा. तुम्हाला पटलं नसेल तर जे मनात असेल तेच बोला, मी डोळे मिटून ऐकेन. पण पटलं असेल तर त्या रात्री ‘पायरी’ म्हणू नका. माझ्या हाताखालच्या त्या तीन सिस्टरांची नावं मी लिहून आणते, ती घ्या.

आई, माळ्यावरची आजीची पत्र्याची पेटी उतरवून ठेव. नंदुरबारकडे उंदीर फार आहेत म्हणे, पुस्तकं तीत ठेवीन.

तुमची,
छोटी